पैसा कोणाचा आणि दार कोणासाठी : ख्रिस्ती तरुण संघाच्या वास्तूंचा इतिहास वाचताना

(दीर्घ धागा)

भोकरदनविषयी इतिहासप्रेमी तरुण जे काही लिहितात, त्यात एका गोष्टीचा अभिमान हमखास व्यक्त होतो, आणि तो रास्त आहे. केळना नदीकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांच्या दानलेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचा उल्लेख आहे. भोकरदनहून सांची सरळ रेषेत मोजली तरी सुमारे चारशे किलोमीटर. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसांनी आपल्या मिळकतीचा वाटा इतक्या दूरच्या एका धार्मिक वास्तूसाठी दिला. त्या वास्तूत त्यांना राहायचे नव्हते, व्यापार करायचा नव्हता. तरीही दान दिले गेले आणि दात्याचे नाव दगडावर उतरले.

याच गावच्या उत्खननात देव आणि गुप्ते या अभ्यासकांना हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा अवशेष मिळाला. इटलीतल्या पाँपेई नगरीत १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती भारतीय मूर्तीशी त्याचे साम्य इतके लक्षणीय आहे की, ती पाँपेईची मूर्ती मुळात भोकरदनच्या परिसरातच घडली असावी, असे मत काही अभ्यासकांनी मांडले. त्या मताला विरोधही झाला. पण गाव लहान असले तरी त्याची देवाणघेवाण लहान नव्हती, एवढे त्यातून निश्चित होते.

आता दुसरे दृश्य पाहावे. सांचीच्या दानलेखाचे छायाचित्र ज्या उत्साहाने पुढे पाठवले जाते, त्याच उत्साहाने एक विधानही पुढे पाठवले जाते. ते असे : मोठ्या शहरांतल्या वाय.एम.सी.ए.च्या, म्हणजे ख्रिस्ती तरुण संघाच्या, जुन्या इमारती परदेशी पैशातून उभ्या राहिल्या. सबब त्या धर्मांतराच्या छावण्या होत्या. सबब त्यांचा इतिहास हा आपला इतिहास नव्हे. या तीन वाक्यांतले पहिले बव्हंशी खरे आहे. दुसरे अर्धवट आहे. तिसरे चुकीचे आहे. आणि पहिल्यावरून तिसऱ्यापर्यंत जाण्याचा जो मार्ग आहे, तो इतिहासाच्या शिस्तीत कुठेही बसत नाही.

दूरच्या माणसाने धार्मिक वास्तूला पैसा दिला की ती वास्तू परकी ठरते, हा नियम एकदा मान्य केला की भोगवर्धनच्या दात्यांचे काय करायचे? सांचीच्या आसपासच्या गावकऱ्यांच्या दृष्टीने तेही दूरचेच होते. एका ठिकाणी दान हे औदार्य आणि दुसऱ्या ठिकाणी तेच कारस्थान, असे म्हणायचे असेल तर फरक नेमका कुठे आहे हे दाखवावे लागेल. फरक आहेही. परंतु तो पैशाच्या गावावरून दिसत नाही. त्यासाठी पैशाच्या मागे आणि वास्तूच्या आत जावे लागते.

आधी संघाची ओळख. लंडनमधील एका कापड दुकानात नोकरी करणाऱ्या जॉर्ज विल्यम्स या तरुणाने ६ जून १८४४ रोजी काही सोबत्यांसह हा संघ स्थापला. औद्योगिक शहरात एकट्याने राहणाऱ्या, दुकानातच काम करून दुकानातच झोपणाऱ्या तरुणांना प्रार्थना, वाचन आणि सभ्य संगत मिळावी, हा हेतू. कलकत्त्यात असा संघ १८५७ मध्ये निघाला, मुंबईत १८७५ मध्ये. १८९१ साली मद्रासमध्ये भारतातील संघांची राष्ट्रीय संघटना झाली. तिच्यामागे डेव्हिड मॅक्कॉनही हा अमेरिकेहून आलेला सचिव होता. त्याच्यापासून पुढे या चळवळीची दृष्टी स्पष्टपणे एका वर्गावर होती : इंग्रजी शिकलेला, महाविद्यालयात जाणारा, शहरी हिंदुस्थानी तरुण. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे जालन्याकडे वळताना ती लागेल.

या चळवळीच्या भव्य इमारतींना पैसा दिला तो मुख्यतः परदेशी धनिकांनी. त्यांतले सर्वांत ठळक नाव फिलाडेल्फियाच्या जॉन वानामेकर यांचे. मोठ्या बहुशाखीय दुकानाचे मालक, काही काळ अमेरिकेचे पोस्टमास्तर जनरल. मद्रासची एस्प्लनेडवरची इमारत त्यांच्या देणगीतून उभी राहिली. कलकत्ता, सोल, पेकिंग या शहरांनाही त्यांचा पैसा गेला. कलकत्त्यातल्या कॉलेज स्ट्रीटवरील संघाच्या सभागृहाला ओव्हरटून हॉल हे नाव आहे. बंगालच्या सार्वजनिक जीवनातली असंख्य व्याख्याने या सभागृहात झाली. हे लॉर्ड ओव्हरटून कोण होते, याची चौकशी मात्र 'परदेशी पैसा, परदेशी पैसा' म्हणून ओरडणारे कधी करत नाहीत.

ती करण्याजोगी आहे. ओव्हरटून हे स्कॉटलंडमधील रसायन कारखानदार. फ्री चर्चचे मोठे आश्रयदाते, रविवारी कोणी काम करू नये या मताचे कट्टर पुरस्कर्ते. ग्लासगोजवळच्या त्यांच्या कारखान्यात क्रोमची रसायने तयार होत. तिथले मजूर दिवसाला बारा तास, आठवड्याचे सातही दिवस काम करत. रसायनांच्या धुळीने त्यांच्या नाकाचे पडदे झडून भोके पडत. १८९९ साली कामगार नेते कीर हार्डी यांनी पत्रके काढून या धर्मशील कारखानदाराची लक्तरे वेशीवर टांगली. रविवारच्या विश्रांतीचा उपदेश करणाऱ्याच्या भट्ट्या रविवारी पेटलेल्या असत.

म्हणजे पैशाविषयी प्रश्न विचारायचाच असेल तर तो असा आहे : हा पैसा कोणाच्या श्रमातून आला? ग्लासगोच्या मजुराच्या झिजलेल्या नाकपुड्या आणि कलकत्त्यातला विद्यार्थी ज्या खुर्चीवर बसून व्याख्यान ऐकत होता ती खुर्ची, या एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत. 'परदेशी' हा शब्द उच्चारून थांबणारा माणूस हा हिशेब पाहूच शकत नाही, कारण त्याच्या लेखी लॉर्ड आणि लॉर्डचा मजूर दोघेही सारखेच परके. आणि हा प्रश्न एकदा विचारला की तो देशी दात्यांनाही विचारावा लागतो. मुंबईतल्या एकोणिसाव्या शतकातल्या किती धर्मशाळा, किती रुग्णालये, किती शिक्षणसंस्था चीनला पाठवलेल्या अफूच्या नफ्यावर उभ्या राहिल्या, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगण्याची गरज नाही. तिथे मात्र दात्याच्या पुतळ्याला हार घालण्याची प्रथा आहे.

धर्मांतराचा हेतू नव्हता, असे म्हणणारेही तितकेच चुकतात. हेतू होता आणि तो कोणी लपवलाही नव्हता. संघाचे साहित्यविभागाचे सचिव जे. एन. फारक्वार यांचा 'द क्राउन ऑफ हिंदुइझम' हा १९१३ चा ग्रंथ पाहावा. हिंदू परंपरेत जे श्रेष्ठ आहे त्याची परिपूर्ती ख्रिस्तात होते, असा त्याचा सिद्धान्त. सुरात सौजन्य आहे. उतरंड मात्र पक्की आहे. परंतु याच विभागाने चालवलेल्या 'हेरिटेज ऑफ इंडिया' या ग्रंथमालेत १९१९ मध्ये निकल मॅकनिकल यांनी केलेले मराठी संतांच्या एकशे आठ पदांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. प्रकाशक कलकत्त्याची असोसिएशन प्रेस, म्हणजे वाय.एम.सी.ए.चा स्वतःचा छापखाना. ज्ञानदेव, नामदेव, तुकाराम मराठी न जाणणाऱ्या वाचकाच्या हाती स्वस्त, सुटसुटीत पुस्तकाच्या रूपाने पोहोचवण्याचे काम या छापखान्याने केले. हेतू एक आणि परिणाम दुसराच, असे इतिहासात वारंवार घडते. केवळ हेतू सिद्ध करून परिणामांचा निकाल लावणाऱ्या लिखाणाला आरोपपत्र म्हणतात. इतिहास म्हणत नाहीत.

आता वास्तूच्या दाराकडे. इथे संघाचे खरे दोषस्थळ आहे, आणि नेमके त्याच्याविषयी समाजमाध्यमांवर चकार शब्द नसतो.

१८६९ साली अमेरिकेत पोर्टलंड येथे भरलेल्या अधिवेशनात तिथल्या संघांनी एक कसोटी ठरवली. मताधिकार असलेला सभासद होण्यासाठी इव्हँजेलिकल चर्चचे सदस्यत्व आवश्यक. बाकीच्यांना सहयोगी सभासद होता येईल : त्यांनी वाचनालय वापरावे, व्याख्याने ऐकावीत, खेळावे, कारभारात मत देऊ नये. अमेरिकेत या नियमाने कॅथॉलिक आणि ज्यू वगळले गेले. हीच विभागणी हिंदुस्थानात आली तेव्हा तिचा अर्थ बदलला. इथल्या शहरी शाखांत येणारे बहुसंख्य तरुण हिंदू, मुसलमान, पारशी. म्हणजे इमारतीत गर्दी त्यांची आणि निर्णय मूठभरांचे. शिवाय वर्णभेद. कलकत्त्यात चौरंगीची शाखा युरोपीय आणि अँग्लो-इंडियन तरुणांची, कॉलेज स्ट्रीटची शाखा हिंदुस्थानी विद्यार्थ्यांची. एकाच ख्रिस्ताच्या नावाने दोन दारे. यावर बाहेरच्या कोणी टीका करण्याची आवश्यकताच नव्हती. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला होता अशा हिंदुस्थानी ख्रिश्चनांनाच ते बोचत होते. १९१६ साली के. टी. पॉल हे संघाचे पहिले हिंदुस्थानी राष्ट्रीय सरचिटणीस झाले. चळवळ भारतात सुरू होऊन अर्धशतकाहून अधिक काळ उलटल्यावर! याच पॉल यांनी पुढे पहिल्या गोलमेज परिषदेत हिंदुस्थानी ख्रिश्चनांचे प्रतिनिधित्व केले आणि आपल्या समाजासाठी वेगळ्या मतदारसंघांना विरोध केला. 'ख्रिस्ती संघ म्हणजे इंग्रजांचे हस्तक' हे समीकरण मांडणाऱ्यांना पॉल यांचे नावही ठाऊक नसते.

मराठी मुलुखात हा दाराचा प्रश्न सर्वांत धीटपणे विचारला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनच्या चाकरीतून बाहेर पडून 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात ख्रिस्ताला मानणाऱ्या कोणालाही स्थान होते. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. पोर्टलंडच्या कसोटीला याहून थेट उत्तर दुसरे कोणते असू शकेल? टिळकांनी ती कसोटी डोळ्यांपुढे ठेवून हे केले असे नव्हे. पण सभासदत्वाची नोंदवही मोठी की माणसाची निष्ठा मोठी, हा प्रश्न तोच होता. १९१९ साली ते निवर्तले आणि दरबार फार काळ टिकला नाही.

दार बंद ठेवण्याचा दोष मात्र एका बाजूच्या पदरात टाकून मोकळे होता येत नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले प्रभृतींसमोर चहाचे पेले आले आणि त्यावरून पुण्यात केवढे ग्रामण्य माजले, प्रायश्चित्तांच्या किती वाटाघाटी झाल्या, हे सर्वश्रुत आहे. एका पेल्याने जात जात होती. त्या काळात कोणत्या इमारतीत पाऊल टाकावे आणि कोणत्या नाही, हा सामाजिक अस्तित्वाचा प्रश्न होता. मिशनची इमारत ज्यांना परकी वाटत होती, त्यांच्या स्वतःच्या वाड्यात दारापासून किती अंतरावर कोणी उभे राहायचे हेही ठरलेले होते.

आणि इथून पुन्हा जालना जिल्ह्याकडे यावे लागते. कारण ज्यांना त्या अंतरावर उभे केले जात होते, त्यांचा इतिहास भोकरदनपासून फार दूर नाही.

नारायण शेषाद्री हे देशस्थ ब्राह्मण तरुण मुंबईतल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४३ साली ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन होता. मिशनऱ्यांच्या घरी गेलेल्या या मुलाचा ताबा न्यायालयाने वडिलांकडे दिला. पुढचा प्रसंग अधिक बोलका आहे. मुलगा घरी आला, पण जातीत परत कसा घ्यायचा? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे असा पक्ष घेतला आणि सनातन्यांनी त्यावर रान उठवले. जायला दार होते; यायला नव्हते. मिशनवर रोष धरणाऱ्या समाजाने परतलेल्या पोराचीही वाट अडवली.

थोरले शेषाद्री १८६० च्या दशकात जालन्यास आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यातले व्यापारी गाव, शेजारी हैदराबाद कंटिंजंटची छावणी. इथे त्यांनी फ्री चर्चच्या मिशनचे काम सुरू केले आणि जालन्याजवळ 'बेथेल' ही ख्रिस्ती वसाहत वसवली. बेथेल म्हणजे देवाचे घर. जमीन मिळाली ती सालारजंगांच्या कारकिर्दीत, निजाम सरकारकडून. वसाहतीत आले ते मुख्यत्वे मांग आणि महार समाजांतील लोक. क्षणभर थांबून या घटनेची मांडणी पाहावी : मुसलमान राज्यकर्त्याच्या जमिनीवर, स्कॉटलंडच्या मिशनच्या आधाराने, जन्माने ब्राह्मण असलेल्या ख्रिस्ती पाद्र्याने, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मराठी कुटुंबांसाठी उभे केलेले गाव. 'परकी' आणि 'आपली' अशा दोनच खणांत भरायची म्हटले तर ही वस्ती कोणत्या खणात जाते?

शेषाद्री १८७३ साली न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत पागोटे आणि पांढरा अंगरखा अशा वेशात उभे राहिले. तिथल्या श्रोत्यांना त्या वेशाचे मोठे अप्रूप वाटले. हिंदुस्थानी पाद्री हा त्या काळच्या पाश्चात्त्य सभांत थोडासा प्रदर्शनाचाही विषय असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या माणसाच्या मागे जालन्याची वस्ती होती, आणि ती प्रदर्शनासाठी वसवलेली नव्हती. १८९१ मध्ये शेषाद्री वारले.

शहरातली संघाची भव्य वास्तू आणि बेथेल शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसते. वानामेकरांचा पैसा ज्या तरुणासाठी सभागृह, वाचनालय, टेनिसचे मैदान बांधत होता, तो तरुण बहुधा वरच्या जातीचा, इंग्रजी शिकलेला होता, आणि त्याने ख्रिस्ती होण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. जो खरोखर ख्रिस्ती झाला होता, त्या मांग-महार कुटुंबातल्या पोराला शहरातल्या त्या संगमरवरी जिन्याचा उपयोग नव्हता. त्याला विहीर, शाळा आणि कसायला जमीन हवी होती. जातीची उतरंड ख्रिस्ती संस्थांच्या खर्चाच्या वहीतही उमटली होती. 'धर्मांतराच्या छावण्या' म्हणून ज्या इमारतींकडे बोट दाखवले जाते, त्यांतून धर्मांतरे अगदी थोडी झाली. आणि जिथे झाली तिथे इमारत नव्हती, झोपड्या होत्या. बोट चुकीच्या जागी रोखलेले आहे.

आता उलट बाजूचे भाबडेपण. वाय.एम.सी.ए.चे चाहते म्हणतात, 'त्यांनी आम्हांला खेळ दिले.' बास्केटबॉल १८९१ साली स्प्रिंगफिल्डच्या संघ-विद्यालयात जेम्स नेस्मिथ यांनी शोधला. व्हॉलीबॉल १८९५ साली होलीओकच्या संघात विल्यम मॉर्गन यांनी. दोन्ही खेळ संघाच्या व्यायामशिक्षकांबरोबर हिंदुस्थानात आले. १९२० साली हॅरी क्रो बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. ऑलिंपिक संघटनेच्या उभारणीत सर दोराबजी टाटांबरोबर संघाचे ए. जी. नोरेन होते. हे सर्व खरे. परंतु १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला जे खेळाडू गेले त्यांची निवड पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांतून झाली होती. मॅरेथॉन धावणारे बेळगावचे फडेप्पा चौगुले, कुस्तीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचलेले रणधीर शिंदे, हे कोणत्याही संघाच्या मजबूत छताखाली तयार झाले नव्हते. ते तांबड्या मातीत आणि मराठी मुलुखाच्या रस्त्यांवर तयार झाले. शरीर कमावणे ही गोष्ट इथे कोणी आगबोटीतून आणली नाही. बोटीतून आले ते नियमांचे पुस्तक, शिट्टी आणि वेळापत्रक. त्यांचे महत्त्व कमी नाही, पण तेवढेच.

नागपाड्याचे उदाहरण याहून अर्थपूर्ण आहे. ती वास्तू वाय.एम.सी.ए.ची नव्हे, पण तिच्या अगदी जवळच्या जातकुळीची. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शर्ट यांनी १९२० च्या दशकात मुंबईत 'नागपाडा नेबरहूड हाउस' सुरू केले. वस्ती कष्टकऱ्यांची, मुसलमान, ज्यू, हिंदू, ख्रिश्चन अशी मिसळलेली. अमेरिकेतल्या शेजार-केंद्रांच्या धर्तीवर इथे वर्ग, खेळ, आरोग्याची कामे सुरू झाली. १९३६ साली याच वास्तूत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले आणि मॅन्शर्ट त्याचे पहिले संचालक झाले. १९४४ मध्ये त्या संस्थेचे नाव बदलून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले. १९५४ मध्ये ती देवनारला गेली. आज 'टिस' म्हणून जी संस्था देशभर ओळखली जाते, तिचा उंबरठा नागपाड्यातल्या एका मिशनच्या घराचा आहे. त्याच नागपाड्यातले मस्तान तलावाचे मैदान आज बास्केटबॉलसाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथे खेळणाऱ्या मुलांपैकी कोणालाही नेस्मिथच्या चर्चविषयी काही देणेघेणे नाही. तेच योग्य आहे.

वास्तू एकदा उभी राहिली की ती दात्याचे ऐकेलच असे नाही, याचे पुरावे जगभर आहेत. ८ फेब्रुवारी १९१९ रोजी कोरियन विद्यार्थ्यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला तो जपानच्या राजधानीत, टोकियोतल्या कोरियन वाय.एम.सी.ए.च्या सभागृहात, तीन आठवड्यांत कोरियाभर उठाव पेटला. अमेरिकेत तर संघाच्या शाखा गोऱ्यांच्या निराळ्या आणि काळ्यांच्या निराळ्या. ज्यूलियस रोझेनवाल्ड या ज्यू व्यापाऱ्याने १९१० नंतर जाहीर केले की, जे शहर काळ्या तरुणांच्या इमारतीसाठी पंचाहत्तर हजार डॉलर उभे करील त्याला आपण पंचवीस हजार देऊ. भेदभाव मोडण्यासाठी ही देणगी नव्हती. भेदभावाच्या चौकटीतच ती होती, आणि देणारा स्वतः त्या संघाचा मताधिकारी सभासद होऊ शकत नव्हता. त्याच योजनेतून शिकागोच्या वॉबॅश ॲव्हेन्यूवर उभ्या राहिलेल्या इमारतीत १९१५ साली कार्टर वुडसन यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संघटना स्थापली. आज अमेरिकेत फेब्रुवारीत पाळल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीय इतिहास मासाचे मूळ तिथे आहे. जो समाज दुसऱ्या दाराने आत घेतला गेला, त्याने आतल्या खोलीत बसून स्वतःचा इतिहास लिहायला घेतला.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानी फौजा फ्रान्समध्ये गेल्या तेव्हा त्यांच्यासाठी संघाला तंबू टाकू दिले गेले ते धर्मप्रचार न करण्याच्या अटीवर. तिथे संघाचे सेवक निरक्षर शिपायांची पत्रे लिहून देत. पुढे मेसोपोटेमियात, जिथे १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी लढल्या, तिथेही संघाची केंद्रे होती. सरकारला शिपायाच्या धर्मात ढवळाढवळ झालेली परवडणारी नव्हती. म्हणून तोच संघ, तेच सेवक, केवळ अट बदलताच निराळे वागले. दारावरचा नियम वास्तूचे स्वरूप कसे ठरवतो, याचे एवढे स्वच्छ उदाहरण क्वचित मिळते.

जालना जिल्ह्यातल्या तरुण इतिहासप्रेमींपुढे म्हणूनच एक आव्हान ठेवले पाहिजे. भोगवर्धन आपले, असई आपली, निजामाविरुद्धचा मुक्तिसंग्राम आपला. आणि बेथेल मात्र कोणाचेच नाही? जिल्ह्याच्या इतिहासावरचे किती धागे सातवाहनांवरून थेट १८०३ च्या असईच्या लढाईवर आणि तिथून १९४८ वर उडी मारतात, हे मोजून पाहावे. मधल्या काळात ज्या माणसांनी गावकुसाबाहेरून उठून नवे गाव वसवले, त्यांची पिढी या उडीखाली सापडली आहे. ती माणसे परदेशी नव्हती. त्यांची भाषा मराठी होती, त्यांची भजने मराठी होती, त्यांनी नांगरलेली जमीन याच जिल्ह्याची होती.

सांचीच्या कठड्यावर दान देणाऱ्या विणकराचे, भिक्षुणीचे, वाण्याचे नाव दगडात आहे. विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांचेही आहे. बेथेलचा उल्लेख जिथे जिथे येतो, तिथे नाव येते ते नारायण शेषाद्रींचे. ज्यांनी तिथे विहिरी खणल्या आणि शेते कसली, त्यांची नावे शोधायला अजून जालन्याच्या जुन्या मंडळ्यांची दारे ठोठवायची आहेत.